हॉर्न कोणता आणि लय किती: फ्रेंच हॉर्नवादकांसाठी सविस्तर मार्गदर्शन

फ्रेंच हॉर्न वाजवणाऱ्यांच्या चर्चेत दोन विषय हमखास येतात. पहिला वाद्याचा असतो: डबल हॉर्न (एफ आणि बी फ्लॅट अशा दोन लांबींच्या नळ्यांचा) घ्यावा की ट्रिपल (तीन नळ्यांचा), बेल (हॉर्नचे रुंद तोंड) पिवळ्या पितळेची असावी की निकेल सिल्व्हरची, अमुक माउथपीस (ओठ टेकवायचा भाग) बदलला तर वरचे स्वर सुकर होतील का. दुसरा लयीचा असतो: ही रचना नेमकी किती गतीने वाजवावी, आणि दिग्दर्शकाने ठरवलेली गती हॉर्नला पेलणारी आहे का. हे दोन विषय सहसा स्वतंत्रपणे बोलले जातात आणि तिथेच गल्लत होते. मेट्रोनोमच्या (ठराविक गतीने ठोके देणाऱ्या यंत्राच्या) मिनिटाला ६० ठोक्यांवर अत्यंत देखणा वाटणारा हॉर्न १३२ वर मागे रेंगाळू शकतो आणि १३२ वर चपळ वाटणारा हॉर्न संथ रचनेत कोरडा वाटू शकतो. म्हणून वाद्याची, त्याच्या बाजूची (म्हणजे वाजवायच्या नळीची) आणि कळांवरच्या बोटांची निवड लयीच्या संदर्भातच करावी. तो क्रम पुढे दिला आहे. तो डबल हॉर्न धरून मांडला असला तरी सिंगल हॉर्न वाजवणाऱ्यालाही बराचसा उपयोगी पडेल.

आधी थोडा हिशोब

एफ हॉर्नची नळी उलगडली तर तिची लांबी साधारण ३.७ मीटर भरते आणि बी फ्लॅट हॉर्नची साधारण २.७५ मीटर. २० अंश सेल्सिअस तापमानात ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. ओठांपासून निघालेली कंपने बेलपर्यंत जाऊन, तिथून परावर्तित होऊन पुन्हा ओठांपर्यंत पोहोचायला एफ बाजूला साधारण २२ मिलिसेकंद लागतात, तर बी फ्लॅट बाजूला साधारण १६. ही परतलेली लहरच ओठांना आधार देते. ती येईपर्यंत वादकाला स्वर केवळ कानातल्या कल्पनेच्या आणि ओठांच्या सवयीच्या बळावर धरून ठेवावा लागतो आणि स्वर पूर्ण स्थिरावण्यासाठी अशा काही फेऱ्या व्हाव्या लागतात.

आता याची लयीशी सांगड घालू. क्रॉचेट (इथे एक ठोका) १२० असेल, म्हणजे मिनिटाला १२० ठोके, तर एका सेमिक्वेव्हरच्या (पाव क्रॉचेटच्या) वाट्याला १२५ मिलिसेकंद येतात, म्हणजे एफ बाजूवरची पहिली फेरी त्यातला सहावा हिस्सा खाऊन टाकते. क्रॉचेट १४४ झाला की सेमिक्वेव्हर १०४ मिलिसेकंदांचा होतो आणि तीच फेरी पाचव्या हिश्श्याएवढी ठरते. क्रॉचेट ६० असलेल्या संथ रचनेतल्या एका ठोक्यात मात्र १००० मिलिसेकंद असतात, त्यामुळे तिथे हा विलंब जाणवतही नाही. मंद लयीत जो हॉर्न मखमली वाटतो तोच द्रुत लयीत आळशी का वाटतो, याचे पुष्कळसे उत्तर या आकड्यांत आहे.

दुसरी गोष्ट स्वरांमधल्या अंतराची. कळ न दाबता हॉर्नमधून जी नैसर्गिक स्वरश्रेणी निघते तिच्यातले स्वर वर जावे तसे एकमेकांच्या जवळ येतात. हॉर्नच्या लेखनात पाचरेघीच्या वर बसणारा जी, म्हणजे प्रत्यक्षात ऐकू येणारा सी, हा एफ बाजूचा बारावा नैसर्गिक स्वर आहे आणि बी फ्लॅट बाजूचा नववा. एफ बाजूवर त्याचा वरचा शेजारी साधारण १४० सेंटांवर असतो, तर बी फ्लॅट बाजूवर सुमारे १८० सेंटांवर. एका अर्धस्वरात १०० सेंट असतात हे ध्यानात घेतले म्हणजे ४० सेंटांची ही मोकळीक किती मोलाची आहे ते कळते. वरच्या सप्तकात स्वर हुकण्याचे प्रमाण बी फ्लॅट बाजूवर कमी असते त्याचे कारण हेच, आणि १८९७ च्या सुमारास एर्फुर्ट येथील फ्रिट्झ क्रुस्पे यांच्या कारखान्यातून आलेला डबल हॉर्न इतका सर्वमान्य होण्यामागेही हीच गरज होती.

पायरी पहिली: हॉर्न हाती घेण्यापूर्वी लय निश्चित करणे

स्वरलेखनावर मेट्रोनोमचा आकडा आहे की फक्त शब्द, हे प्रथम पाहावे. मेट्रोनोमचे पेटंट योहान मेल्झेल यांनी १८१५ मध्ये घेतले आणि बेथोव्हेन यांनी आपल्या तोवरच्या आठ सिंफनींसाठी आकडे १८१७ मध्ये प्रसिद्ध केले. त्याआधीच्या रचनांवर दिसणारा आकडा नंतरच्या संपादकाचा असण्याची शक्यता मोठी असते आणि तो तेवढ्याच गांभीर्याने घ्यावा. संगीतकाराचा स्वतःचा आकडा असेल, तर मात्र तो निदान एकदा तरी प्रामाणिकपणे वाजवून पाहिल्याशिवाय ‘अशक्य’ म्हणून बाजूला सारू नये. बेथोव्हेन यांच्या तिसऱ्या सिंफनीतल्या स्केर्झोवर (जलद भागावर) डॉटेड मिनिम (तीन क्रॉचेट) ११६ असा आकडा आहे आणि त्यातला तीन हॉर्नांचा प्रसिद्ध ट्रिओ (स्केर्झोचा मधला विभाग) त्याच लयीत यावा अशी अपेक्षा आहे. तिथे एका क्रॉचेटला साधारण १७२ मिलिसेकंद मिळतात. अनेक वाद्यवृंद ट्रिओला लय उतरवतात आणि त्यामागे हॉर्नवादकांची सोय असते, हे मान्य करायला हरकत नाही. पण लय उतरवण्याचा निर्णय हॉर्नची क्षमता तपासून घेतलेला असावा, केवळ परंपरा म्हणून नव्हे.

यानंतर उताऱ्यातला सर्वांत लहान स्वर शोधावा आणि त्याचा कालावधी काढावा. ६०,००० ला मिनिटातल्या ठोक्यांनी आणि एका ठोक्यातल्या स्वरसंख्येने भागले की मिलिसेकंदांचा आकडा मिळतो. हा कालावधी सुमारे १३० मिलिसेकंदांहून मोठा असेल, तर जिभेच्या साध्या आघाताने बहुतेक वादकांचे काम भागते. १२० च्या खाली गेला तर दुहेरी किंवा तिहेरी आघाताची (जिभेचे टोक आणि मागचा भाग आलटून पालटून वापरण्याची) तयारी ठेवावी लागते. हा उंबरठा प्रत्येकाचा निराळा असतो, पण तो स्वतःला ठाऊक असणे गरजेचे आहे.

संथ रचनेत हिशोब श्वासाचा करायचा असतो. चायकोव्हस्की यांच्या १८८८ च्या पाचव्या सिंफनीतल्या दुसऱ्या भागावर डॉटेड क्रॉचेट (दीड क्रॉचेट) ५४ अशी खूण आहे. १२/८ च्या, म्हणजे चार डॉटेड क्रॉचेटच्या, प्रत्येक बारला (आवर्तनाला) तिथे जवळपास साडेचार सेकंद लागतात. हीच लय ४६ वर आणली, तर बार सव्वापाच सेकंदांचा होतो आणि चार बारच्या वाक्यात तीन सेकंदांची भर पडते. कागदावर आठ ठोक्यांचा फरक नगण्य दिसतो, पण फुप्फुसांना तो चांगलाच जाणवतो. त्यात या भागातली लय संगीतकाराने वारंवार खेचायला आणि सैल करायला सांगितली आहे, म्हणून श्वासाच्या जागा ठरवताना सरासरी लय धरू नये. तिथल्या सर्वांत संथ क्षणाचा हिशोब धरावा.

या दोन हिशोबांतून एकच आकडा न काढता एक पट्टा काढावा: ज्याच्या खाली श्वास पुरत नाही आणि ज्याच्या वर जीभ किंवा बोटे साथ देत नाहीत असा. मग तो उतारा हॉर्नशिवाय, पट्ट्याच्या दोन्ही टोकांना गाऊन पाहावा. गाताना जो स्वर डोक्यात अस्पष्ट असतो तोच हॉर्नवर हुकतो, आणि द्रुत लयीत तर नक्कीच.

पायरी दुसरी: बाजू आणि बोटे लयीप्रमाणे ठरवणे

डबल हॉर्नवर सर्वसाधारण रिवाज असा की लिखित मधल्या सी वरच्या जी पर्यंतचे स्वर एफ बाजूवर वाजवावेत आणि जी शार्पपासून वर अंगठ्याची कळ दाबून बी फ्लॅट बाजूवर जावे. शिकाऊ वादकासाठी हा रिवाज उत्तम आहे. अनुभवी वादकाने मात्र त्याला केवळ आरंभबिंदू मानावे, कारण लय बदलली की योग्य बाजूही बदलते.

संथ, मृदू आणि लांब स्वरांचा उतारा रिवाजाच्या मर्यादेवरही एफ बाजूवर वाजवून पाहावा. लांब नळीचा भरीव रंग तिथे उपयोगी पडतो आणि परतणाऱ्या लहरीची वाट पाहायला वेळही असतो. ब्राम्स यांनी १८६५ मध्ये पियानो आणि व्हायोलिनसोबत हॉर्नसाठी जी त्रयी लिहिली ती व्हॉल्व्ह (कळ दाबून नळीची लांबी बदलणारी झडप) नसलेल्या हॉर्नसाठीच लिहिली. तिच्या मंद भागात आजचा वादक बी फ्लॅट बाजूच्या सुरक्षिततेमागे लागला, तर काहीतरी मोलाचे गमावतो असे माझे स्पष्ट मत आहे.

एकाच स्वराची द्रुत पुनरावृत्ती असेल, तर निर्णय सोपा असतो. खालच्या भागातही बी फ्लॅट बाजू वापरावी, कारण तिथे प्रत्येक आघात लवकर बोलतो. पण खालचे काही स्वर त्या बाजूवर बेसूर होतात, म्हणून ट्यूनरवर आधी तपासावे आणि मगच बोटे पक्की करावीत.

खरी गंमत द्रुत त्रिस्वरी चालींमध्ये, म्हणजे एकाच स्वरसमूहाच्या स्वरांवर उड्या घेणाऱ्या चालींमध्ये आहे. एफ बाजूवर पहिला व्हॉल्व्ह दाबला की हॉर्न ई फ्लॅटचा होतो, दुसरा दाबला की ईचा आणि पहिला-दुसरा एकत्र दाबले की डीचा. बी फ्लॅट बाजूवर याच जोड्या अनुक्रमे ए फ्लॅट, ए आणि जी या हॉर्नांचे काम करतात. मोझार्ट यांनी १७८६ मध्ये हॉर्नवादक योसेफ लॉइटगेब यांच्यासाठी लिहिलेला ई फ्लॅटमधला कॉन्चेर्टो (एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांची रचना), किंवा वर उल्लेखलेला तिसऱ्या सिंफनीचा ट्रिओ, मुळात ई फ्लॅट हॉर्नसाठी लिहिला गेला. त्यांतल्या शिकारीच्या पुकारासारख्या चाली एफ बाजूचा पहिला व्हॉल्व्ह दाबून धरून केवळ ओठांनी वाजवता येतात. तोटा असा की नळी आणखी लांबते, चार मीटरच्या पुढे जाते, आणि स्वर जरा उशिरा बोलतो. फायदा असा की बोटे, व्हॉल्व्ह आणि जीभ यांचा मेळ घालण्याचे कामच उरत नाही. मध्यम द्रुत लयीत फायदा जड ठरतो, फारच द्रुत लयीत तोटा. कोणत्या आकड्याला तराजू फिरतो हे प्रत्येकाने स्वतः दोन्ही रीतींनी ध्वनिमुद्रण करून ठरवावे. वाजवताना जे जाणवते त्यावर विसंबू नये, कारण बोटांना जे सोपे वाटते ते कानाला स्वच्छ वाटेलच असे नाही.

स्वर जवळजवळ असणे हा नेहमीच दोष असतो असे मात्र नाही. ओठांनी काढायचा ट्रिल (शेजारच्या दोन स्वरांची झपाट्याने अदलाबदल) एफ बाजूवरच नीट जमतो, कारण आठवा, नववा आणि दहावा नैसर्गिक स्वर तिथे एकमेकांपासून साधारण एकेका पूर्ण स्वराच्या अंतरावर असतात. तोच ट्रिल बी फ्लॅट बाजूवर ओठांनी करू पाहिला, तर शेजारचे अंतर खूपच मोठे पडते.

हात बेलमध्ये पूर्ण कोंबून काढायच्या बंद स्वरांसाठी एफ बाजूच वापरावी, कारण तिथे स्वर जवळपास बरोबर अर्धा चढतो आणि अर्धस्वर खालची बोटे घेतली की सूर जुळतो. बी फ्लॅट बाजूवर हे गणित बिघडते. उघड्या आणि बंद स्वरांची अदलाबदल द्रुत लयीत असेल, तर हाताच्या हालचालीला लागणारा वेळही स्वराच्या कालावधीतूनच वजा करावा.

पायरी तिसरी: मेट्रोनोमवरचा सराव

ठरलेल्या लयीच्या साधारण ६० टक्क्यांपासून सुरुवात करून हळूहळू चढत जाणे ही प्रचलित पद्धत चांगली आहे, पण हॉर्नवादकाने तिच्यात तीन बदल करावेत असे मी सुचवेन.

पहिला बदल म्हणजे, ज्या बोटांनी आणि ज्या बाजूवर अंतिम लयीत वाजवायचे आहे त्यांनीच मंद लयीतही सराव करावा. मंद लयीत एफ बाजू गोड वाटते म्हणून तिच्यावर सराव करायचा आणि लय चढल्यावर बाजू बदलायची, यात आधीची मेहनत जवळजवळ वाया जाते. दुसरा, मेट्रोनोमचा ठोका कधीकधी ठोक्यांच्या मधल्या जागेवर आहे असे मानून वाजवावे. हॉर्नवादकाला ठोक्याच्या किंचित मागे राहण्याची सवय नकळत लागते आणि या पद्धतीत ती ताबडतोब उघडी पडते. तिसरा, ध्वनिमुद्रक स्वतःजवळ न ठेवता खोलीत समोर, शक्य तेवढा लांब ठेवावा. बेल मागे वळलेली असल्यामुळे श्रोत्याला जे ऐकू येते त्यात मागच्या भिंतीवरून आलेल्या ध्वनीचा मोठा वाटा असतो आणि वादकाच्या कानाशी ऐकू येणारा आघात व श्रोत्याला ऐकू येणारा आघात या दोन वेगळ्या गोष्टी असतात.

काही उताऱ्यांत स्थिर ठोकाच फसवा ठरतो. रिचर्ड स्ट्राउस यांच्या १८९५ च्या ‘टिल ऑयलेनश्पीगेल’मध्ये सुरुवातीला येणाऱ्या हॉर्नच्या एकल चालीवर क्रमाक्रमाने लय चढवण्याची सूचना आहे, आणि ती चाल शेवटी मंद्र सप्तकात खोल उतरते. म्हणजे ज्या क्षणी लय वाढलेली असते त्याच क्षणी सर्वांत उशिरा बोलणारे स्वर वाजवायचे असतात. अशा ठिकाणी शेवटचे खालचे स्वर आधी, शेवटच्या गतीला, स्वतंत्रपणे बसवावेत आणि मग एकेक बार मागे जात आरंभाकडे यावे.

पायरी चौथी: वाद्य पारखणे

नवा हॉर्न पाहताना बहुतेक वादक पहिल्या पाच मिनिटांत मध्यम लयीतली एखादी आवडती चाल वाजवतात आणि मत बनवतात. मध्यम लयीत जवळजवळ प्रत्येक बरा हॉर्न बरा वाटतो. वाद्याचा स्वभाव टोकांना कळतो.

प्रथम स्वतःचाच माउथपीस वापरावा, अन्यथा दोन गोष्टी एकदम बदलतात आणि काहीच कळत नाही. वाद्य वाजवून पुरेसे गरम होऊ द्यावे, कारण नळीतल्या हवेचे तापमान एका अंशाने वाढले तर सूर साधारण तीन सेंटांनी चढतो. मग क्रॉचेट ५० ते ६० ठेवून, प्रत्येक स्वरानंतर दोन ठोके विश्रांती घेत, अगदी हळू आवाजात मधल्या आणि वरच्या स्वरांचे आरंभ तपासावेत. स्वर ठोक्यावर उमटतो की ठोक्यानंतर, एवढेच ऐकायचे. दोन्ही बाजूंच्या सुरांचा मेळही याच लयीत तपासावा, कारण द्रुत लय बेसूरपणा झाकते. त्यानंतर एकाच स्वरावर सेमिक्वेव्हर घेत लय ९६ पासून १३२ पर्यंत चढवावी आणि हेच मधल्या, वरच्या व मंद्र स्वरांवर करावे. खालच्या स्वरांवर ज्या आकड्याला आघात एकमेकांत मिसळू लागतात तो आकडा लिहून ठेवावा. दोन हॉर्नांची तुलना करताना याच्याइतका प्रामाणिक आकडा दुसरा नाही. शेवटी द्रुत स्लर (मधे जिभेचा आघात न करता जोडलेले स्वर) घ्यावेत. स्वरांमधला सांधा ऐकू येतो का, व्हॉल्व्ह अर्धवट फिरलेल्या क्षणी आवाज तुटतो का, कळांचा खडखडाट होतो का, हे तिथे कळते.

जुने वाद्य घेताना व्हॉल्व्हची हवाबंदी अवश्य पाहावी. कळ न दाबता त्या व्हॉल्व्हची सरकनळी बाहेर ओढावी, थोडे थांबावे आणि मग कळ दाबावी. ‘पॉप’ असा स्पष्ट आवाज आला, तर व्हॉल्व्ह घट्ट आहे. आवाज आला नाही, तर हवा गळते आहे आणि अशा हॉर्नवर द्रुत आघात कधीच स्वच्छ येणार नाहीत, मग वादकाने कितीही सराव केला तरी.

प्रकारांविषयी थोडक्यात. ज्याला क्रुस्पे बांधणी म्हणतात तिचा बेलचा गळा रुंद असतो आणि स्वर काळसर व भरदार येतो. १९३७ पासून बनणारा कॉन ८डी हा त्याचा ठळक नमुना आहे. गायर बांधणीत गळा तुलनेने अरुंद असतो आणि आघाताला प्रतिसाद सहसा चपळ मिळतो. माइंझ येथील अलेक्झांडर यांचा १९०९ पासून चालत आलेला १०३ या दोन्हींपासून वेगळा, तेजस्वी स्वभावाचा आहे. वरच्या एफची तिसरी नळी असलेल्या ट्रिपल हॉर्नवर परतफेरी ११ मिलिसेकंदांपर्यंत येते आणि शेजारचे स्वर दूर सरकतात, त्यामुळे उंच व द्रुत उताऱ्यांत सुरक्षितता वाढते. मात्र वजनही वाढते आणि मधल्या स्वरांचा प्रतिसाद जड वाटू शकतो. जो वादक विभागात दुसरा किंवा चौथा हॉर्न वाजवतो त्याने, मंद्र स्वर हेच त्याचे मुख्य काम असल्याने, या मोहात सहसा पडू नये.

वर मांडलेल्या सगळ्या हिशोबाला एक ठसठशीत अपवाद आहे. व्हिएन्ना फिलहार्मोनिकमध्ये आजही जुन्या घडणीचा, दुहेरी पिस्टनचे पंप-व्हॉल्व्ह असलेला सिंगल एफ हॉर्न वाजवला जातो, आणि तिथले वादक त्याच लांब नळीवर द्रुत लयीचे सारे साहित्य वाजवतात. नळीची लांबी अडचण निर्माण करते, पण निकाल ठरवत नाही, एवढाच निष्कर्ष यातून काढावा. महागडे वाद्य घेऊन लयीचा प्रश्न सुटेल, अशा आशेवर असलेल्याने हा अपवाद जरूर लक्षात ठेवावा.

पायरी पाचवी: वाद्यवृंदात लय राखणे

हॉर्न विभाग दिग्दर्शकापासून १२ मीटर मागे बसला असेल, तर ध्वनी पुढे पोहोचायला ३५ मिलिसेकंद लागतात. बेलमधून निघालेला ध्वनी मागच्या भिंतीवर आपटून येणार असेल आणि ती भिंत दोन मीटरवर असेल, तर आणखी १२ मिलिसेकंदांची भर पडते. त्यात पुढच्या व्हायोलिनांचा आवाज ऐकून वाजवायचे ठरवले, तर तोही तेवढ्याच उशिराने आपल्यापर्यंत आलेला असतो आणि विलंब दुप्पट होतो. म्हणून द्रुत लयीत कानापेक्षा छडीवर भर द्यावा आणि आपल्याला किंचित लवकर वाटेल अशा जागी आघात करावा. संथ लयीत याउलट शेजारच्या वादकाला ऐकणे अधिक महत्त्वाचे ठरते.

विभागातल्या विभागातही लयीचा प्रश्न असतो. रिवाजाने पहिला व तिसरा हॉर्न वरचे स्वर घेतात, दुसरा व चौथा खालचे. खालच्या स्वराचे प्रत्येक कंपन जास्त वेळ घेत असल्यामुळे तो उमटायलाही जास्त वेळ लागतो. चौघांनी एकाच क्षणी जीभ उचलली, तर चार स्वर एकत्र ऐकू येत नाहीत. दुसऱ्या व चौथ्या वादकाने श्वास आणि ओठ केसभर आधी तयार ठेवावेत आणि विभागप्रमुखाने आपला श्वास सर्वांना दिसेल असा घ्यावा.

दिग्दर्शकाशी लयीबद्दल बोलायचे असेल, तर विशेषणांऐवजी आकड्यांत बोलावे. ‘फार जलद होते आहे’ हे वाक्य तक्रार वाटते. ‘१३८ पर्यंत चारही हॉर्न स्वच्छ वाजतील, त्यापुढे आघात स्लरमध्ये बदलावे लागतील’ हे वाक्य पर्याय देते आणि त्यावर निर्णय घेता येतो. त्यासाठी पहिल्या पायरीत काढलेला पट्टा कामी येतो.

तालमीत ठरलेली लय कार्यक्रमात सरकते, हे गृहीत धरूनच स्वरपत्रिका तयार करावी. अवघड उताऱ्याच्या वर पेन्सिलीने बोटांचे दोन संच लिहावेत, एक ठरलेल्या लयीसाठी आणि एक लय चढली तर वापरण्यासाठी, आणि दोहोंच्या मध्ये तो आकडा लिहावा ज्याच्या पुढे दुसरा संच घ्यायचा. जलद संचात कोणता आघात गाळायचा आणि कोणते दोन स्वर स्लरने जोडायचे हेही तिथेच खुणेने दाखवावे, आणि विभागातल्या चौघांच्या पत्रिकांवर या खुणा एकसारख्या आहेत याची शेवटच्या तालमीत खात्री करून घ्यावी.